मिसळीचा डोस

राणीसावरगाव
२० ऑगस्ट २०२२

चि. सौ. त्रिवेणीस बसवंतरावाचे अनेक आशीर्वाद. इकडं खुशाल, तिकडचं काय ते कळंना.

फोनवर निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहायलोय. कोरोनाच्या पहिल्या दोन सुया एका लसीच्या, तिसरी दुसऱ्याच लसीची, आणि वर तपासणीला रक्तबी दिलंस, असं जावई विरेशराव म्हणाले. अगं, तू सिस्टर हायस का उंदीर? दोन औषधं एका पंपात कालवली की पीक जळतं, हे तुला सांगायला पायजे का? व्यंकटराव दुकानदार चारचौघांत म्हणायलाय, बसवंतरावाच्या पोरीला मिसळ टोचली. आपल्या उपकेंद्रातबी आता ती दुसरी लसच आली हाय. तुझ्या आईला मी तिकडं फिरकू देणार न्हाई.

तब्येतीला जप. माया हाय तशी राहू दे.
तुझा आप्पा


परभणी
१९ सप्टेंबर

ती. आप्पांना त्रिवेणीचा शरणार्थ, वि. वि.

तुमची तीन पत्रं आली, तिन्हीत मिसळ! मला कुणी धरून टोचलं नाही, लसींच्या अभ्यासासाठी मी सही करून गेले. आमच्यातल्या निम्म्या सिस्टरांनी पहिलीच लस पुन्हा घेतली, निम्म्यांनी वेगळी. सगळ्यांचं रक्त आधी तपासलं आणि महिन्यानं परत. रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी सगळ्यांच्याच वाढल्या, पण वेगळी घेतलेल्यांच्या जास्त. माझ्या आठपट. माणसाचं अंग म्हणजे फवारणीचा पंप नव्हे, आप्पा.

मात्र आकडा मोठा म्हणजे आजार होणारच नाही, असं नाही. झाला तर जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी ही धडपड. गावात सांगताना हे वाक्य कृपा करून गाळू नका. आईला साखर आहे, दमा आहे. तिला घेऊन जा, मी हात जोडते.

राग असला तरी लोभ असू द्यावा.
त्रिवेणी


राणीसावरगाव
२५ सप्टेंबर

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

आठपटीचं मी अख्ख्या गावाला सांगितलं. व्यंकटरावाचं तोंड बंद केलं. आणि काल निरोप आला, तुलाच कोरोना झाला! आता त्या दुकानावरून जाऊ कसा? तो विचारायलाय, आठपट गेली कुठं? ते जाऊ दे. ताप किती, दम लागतो का, तेवढं लिही. बाकी शहाणपण नको. तुझी आई बोलंना, जेवंना.

आप्पा


राणीसावरगाव
२९ सप्टेंबर

चि. त्रिवेणीस भागम्माचे लाख आशीर्वाद.

तू उठलीस, घरात फिरायलीस, हे आशाताई रेणुकाच्या फोनवर तुझ्याच तोंडून ऐकलं, तवा घास उतरला. बाई, तुम्ही बापलेक महिनाभर मिसळीवरून भांडलात. मला कशाचं भ्या वाटतं, हे एकानंबी विचारलं न्हाई. मला मिसळीचं काई न्हाई. दुसऱ्या सुईनंतर मला ताप चढला, तवा वाटलं, माझी बहीण सुला कोरोनात गेली तशीच मी चालले. हे कुणाला बोलले न्हाई.

तू आजारातून उठलीस म्हणल्यावर मीच रेणुकाला म्हणलं, चल. वेगळी लस घेऊन आले. ह्यांना घरी आल्यावर सांगितलं. लय तणतणले. मग विचारलं, सुई टोचताना हात कुणी धरला? म्हणलं, कुणी न्हाई.

तर उठले, चुलीपाशी गेले आणि चहा करून आणला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. गोडमिट्ट. माझी साखर इसरले. मी सगळा पिले.

दंड ठणकायलाय, ताप न्हाई. माया हायच, दिवाळीला ती घेऊन जायला ये.
तुझी आई