रिकाम्या जमिनीची पाटी

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या संग्रहालयात मी वस्तूंखालच्या पाट्या लिहिते. एका जुन्या पाटीवर इथल्या गोऱ्यांनी लिहिलेलं होतं, ‘आपले पूर्वज जहाजातून आले तेव्हा ही जमीन रिकामी होती.’ झाडलोट करणाऱ्या मावशी मूळच्या इथल्या. त्या म्हणाल्या, “रिकामी कशी? गोऱ्यांनी माझ्या पणजीचं गाव जाळलं, मग रिकामी झाली.” मी जुनी कागदपत्रं काढली. खरं निघालं, नव्या पाटीवर तसंच लिहिलं.

तेव्हापासून रोज चार-पाच गोरे संग्रहालयाच्या दाराशी उभे असतात. परवा एकजण म्हणाला, “आमचा इतिहास तू सांगणार? कुठे राहतेस ते माहीत आहे.” म्हणून खोली बदलली. पाकिटावर माझा पत्ता नाही, रागावू नकोस. दादाला म्हणावं, माझे फोटो कुणाला दाखवू नकोस.

काल साहेब म्हणाले, “जुनी पाटी लाव, प्रकरण मिटेल.” मी घाबरून हो म्हटलं. जुनी पाटी घेऊन खाली आले, तिथे मावशी फरशी पुसत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “लावा बाई. तुमचीही आई वाट बघत असेल.”

माझ्याच्याने लावली गेली नाही गं. ती परत साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. अजून त्यांनीही लावलेली नाही. मी मात्र मागच्या दाराने ये-जा करते.

तुझी,
भित्री धाकटी