पुरे म्हणेपर्यंत

रविवार, ९ मे १९७१

दारावर पुन्हा रंग! या खेपेला लाल. ‘घरबुडव्या’ — एवढा एकच शब्द. विल्फने पाहिलं, म्हणाला, “गेल्या वेळेपेक्षा अक्षर सुधारलंय,” आणि चहा ओतायला बसला.

लग्न झाल्यापासून घरातलं हे एकच काम तो करतो — सकाळी माझ्या कपात चहा ओतायचा. डोकं कौन्सिलमध्ये असतं. ओततच राहतो, मी “पुरे आता, विल्फ” म्हणेपर्यंत. आज मला बोलायला उशीर झाला. बशी भरली.

रविवार असून टर्पेंटाइन घेऊन दार घासत बसले. चर्चहून येणाऱ्या बायका फुटपाथ बदलून गेल्या. विल्फमुळे घरात न्हाणी आली, गरम पाण्याचा नळ आला, तेव्हा यांच्याच नवऱ्यांनी विल्फला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. इतक्या लवकर कसे विसरतात लोक!

सोमवार, १०

हिल्डाकडे गेले. टेंटर स्ट्रीटवरच्या निम्म्या घरांच्या खिडक्यांना पत्रे ठोकलेत, आणि माझी बहीण दगडाने उंबरा घासून पांढरा करतेय! गुरुवारी विल्फ निवडून आला, की पुढच्या आठवड्यात गल्ली पाडायचा ठराव. विल्फ पडला, तर त्या ठरावाला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नाही. हिल्डाला कौन्सिलच्या नव्या मनोऱ्यात अकराव्या मजल्यावर घर देऊ केलंय.

“तिथे काय घासू? लिफ्ट?” म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. “त्याला मत देणार असलीस तर तसं सांग, नेली. तोंडावर गोड बोलू नकोस.”

मी चहा संपवला आणि निघाले. तिचं खरंच आहे. पण विल्फचा धाकटा भाऊ अशाच ओल्या भिंतींच्या घरात खोकून खोकून गेला, तेही खरं. तेव्हापासून हा पाडत सुटलाय. आधी कुजकी घरं पाडली, मग बरी, आता चांगलीसुद्धा. नव्या मनोऱ्यांतही ओल येते. ते त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

मंगळवार, ११

झोप नाही. पडदे धुतले. स्वच्छच होते.

बुधवार, १२

विल्फ जिन्यात बसला होता, एका पायात बूट घालून. दुसरा हातात. किती वेळ, देव जाणे. रंग पार उतरलाय त्याचा. मी विचारलं, हरलास तर काय करशील?

“ते मला माहीत नाही, नेली.” चेष्टा करत नव्हता.

बारा वर्षांचा असताना गिरणीत लागला. मग युनियन, मग कौन्सिल, मग कौन्सिलचा नेता. त्याला शिव्या घालणारे खूप आणि हार घालणारे खूप — थांब म्हणणारं कुणी नाही. मीही नाही. मला त्याची भीती वाटते आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो. दोन्ही एकदमच.

गुरुवार, १३

मतदान. शाळेत टेबलाशी ऑग्डेनबाई बसली होती. “तुला काय गं, डोळे मिटून फुली!”

आडोशाला गेले. दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. विल्फपुढे मताची फुली, तर हिल्डाचं घर माझ्या हाताने पाडल्यासारखं. दुसऱ्या उमेदवारापुढे, त्या रेनर मास्तरपुढे — छे! ज्याचे सदरे मी इस्त्री करते, त्याच्या विरुद्ध? मागे लोक खोळंबले. कुणीतरी खाकरलं.

काय केलं ते इथेसुद्धा लिहीत नाही.

शुक्रवार, १४

सकाळी जो टॅटरसॉल एकटाच आला. विल्फच्या निवडणुकांचं सगळं हाच बघतो. टोपीसुद्धा काढली नाही. विल्फ पायी येतोय म्हणाला. हरला म्हणाला.

पुन्हा पुन्हा मोजली म्हणे, तरी दोघांची मतं सारखीच. एकच मतपत्रिका वादात राहिली. फुली नाही, विल्फच्या नावापुढच्या चौकोनात काहीतरी खरडलेलं.

काय, मी विचारलं.

“‘पुरे आता, विल्फ.’ कुठल्यातरी टवाळाचं काम!”

मी भरलेलीच किटली पुन्हा नळाखाली धरली. जो बोलतच होता. चौकोन विल्फचा, म्हणून मत विल्फचं, असं तो भांडला. अधिकाऱ्यालाही ते पटत आलेलं. त्याने कागद विल्फपुढे धरला.

“बघतच राहिला गं तो. मग म्हणाला, हे मला मत नाही. बाद करा.” रेनरची माणसंसुद्धा अवाक्! मग रीतीप्रमाणे टोपीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. रेनरची निघाली. “हातातली खुर्ची लाथाडली! का, ते तूच विचार तुझ्या नवऱ्याला.”

विल्फ आला. कोट खुंटीला लावला आणि वर जाऊन झोपला. टेंटर स्ट्रीट वाचली.

शनिवार, १५

विल्फ चहा ओतायला बसला. मी मुद्दाम गप्प राहिले. चहा काठाशी आला, आणि त्याने आपणहून किटली थांबवली. बशी कोरडी.

माझ्याकडे पाहिलं. “पुरे?” म्हणाला.