इंजिन गरम होण्याची अकरा कारणं

३ मार्च, दुपारी

ताईचा ट्रॅक्टर तापला. शेताच्या मध्यावर, नांगर जमिनीत असताना. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, रेडिएटरच्या झाकणातून वाफ आली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तासभर थांबला आणि मग हळूहळू शेडमध्ये आणून लावला.

ताई जिना चढून माझ्या खोलीत आली. गुडघ्यांमुळे ती वर येत नाही, आठ महिन्यांत ही दुसरी वेळ. म्हणाली, तू हेच शिकवायचास ना रे? बघतोस का जरा?

अठ्ठावीस वर्षं शिकवलं. टेक्निकल स्कूल, ऑटो विभाग, धडा सातवा: इंजिन कूलिंग. हजारभर मुलं हाताखालून गेली. (लग्न राहिलं ते त्यामुळेच. वय होतं तेव्हा सिलॅबस बदलत होता.) रिटायर होऊन बहिणीच्या घरी माडीवर राहतो म्हणून लोकांना वाटतं मी रिकामा आहे. मी रिकामा नाही, उपलब्ध आहे.

बावीस तारखेला कालव्याला पाणी सुटणार. त्याआधी बारा एकर नांगरून मका पेरायचा. ताईला म्हणालो, तीन दिवस दे.

संकल्प: पद्धतशीर निदान. अंदाजपंचे काही नाही. पहाटे साडेपाचला उठणे.

ड्रायव्हरला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. चौदा वर्षं ताईकडे आहे. आज मात्र बोलला. म्हणाला, सर, मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसलाय, हवा मारून साफ करतो. मी शांतपणे समजावलं की निदान वेगळं आणि केर काढणं वेगळं. गप्प झाला. पटलं असावं.

४ मार्च, सकाळी १०

उठायला उशीर. उशी बदलायला हवी.

कारणांचा तक्ता काढला, तीन रंगांत. शेडच्या दारावर लावला. एकूण अकरा कारणं. भुसा अकरावं. खरं तर दहाच होती, पण माणसाचं मन मोडू नये.

सायलेन्सर कुठूनसा हवेचा पाइप घेऊन आला होता. म्हणालो, अकराव्यावर आपण अकराव्या पायरीला येऊ. पाइप गुंडाळून ठेवला त्याने.

५ मार्च

थर्मोस्टॅट काढला. शास्त्रशुद्ध चाचणी: पाण्यात उकळायचा, ब्याऐंशी अंशांना झडप उघडते का पाहायचं. घरात थर्मामीटर फक्त तापाचा. बेचाळीसला संपला आणि नंतर फुटला. पातेलं ताईचं दुधाचं होतं. तिने ते चिमट्याने उचलून मागच्या अंगणात ठेवलं.

झडप उघडली तशी. पण मला हवा होता तसा आत्मविश्वास तिच्यात दिसला नाही. निष्कर्ष: थर्मोस्टॅट खराब. नवा मागवला.

८ मार्च

नवा थर्मोस्टॅट स्वतः बसवला. चालवून पाहिलं. आधी चाळीस मिनिटांनी तापायचा, आज दहा मिनिटांत तापला. म्हणजे रोग आता उघड होतोय. चांगलं लक्षण.

सायलेन्सर शेजारी उभा राहून हवेत एक बोट उलटं-सुलटं करत होता. दुर्लक्ष केलं.

९ मार्च

थर्मोस्टॅट काढून उलटा बसवला. म्हणजे सुलटा. हा निर्णय पूर्णपणे माझा. आता पुन्हा चाळीस मिनिटं. एका दिवसात चौपट सुधारणा.

११ मार्च

वॉटर पंप उघडला. ठीक आहे. फॅन बेल्ट ठीक. होज पाइप ठीक. कंपनीने सगळे पार्ट चांगले देऊन निदान अवघड करून ठेवलंय.

आज जिन्यात थांबलो होतो (विश्रांतीसाठी), तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं. सायलेन्सर ताईला सांगत होता, अर्धा तास द्या, जाळी साफ करतो, नाही उतरला ताप तर पुन्हा तोंड उघडणार नाही. माझ्या पाठीमागे! ताई म्हणाली, अरे, माझा भाऊ शिकलेला आहे. त्याला करू दे.

ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की खाली जायचं होतं ते गेलो नाही.

१३ मार्च

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर कुंपणापलीकडे दिवसभर चालू होता. त्यांची नांगरट संपत आली. ताई ओट्याजवळच्या खिडकीत उभी राहून तिकडे बघते आणि भाजी चिरते. बोटाला पट्टी आहे.

मला म्हणाली, होईल ना रे? म्हणालो, दहा कारणांपैकी आठ बाद झाली, म्हणजे ऐंशी टक्के काम झालं. तिने मान हलवली. हिशेब तिला पटला. मलाही सांगताना पटला.

१४ मार्च, सकाळी

सापडलं! इतकी वर्षं शिकवूनही आधी सुचलं नाही याचंच आश्चर्य. इंजिन तापतच नाहीये. काटा खोटं बोलतोय! कारण क्रमांक नऊ: सेन्सर सदोष. वाफ थोडीफार येतेच, आपल्याही तोंडातून येते.

सेन्सरची वायर काढली. काटा शून्यावर.

तासभर इंजिन शेडमध्ये चालवलं. काटा तसूभर हलला नाही. ताईला बोलावून दाखवलं. तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, मला माहीत होतं तू करशील. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपात चहा दिला.

सायलेन्सर म्हणाला, वायर परत लावा सर, काटा नसेल तर मी चालवणार नाही. म्हणालो, मग उद्या मीच चालवतो. काही लोकांना यश बघवत नाही.

१५ मार्च, दुपारी ३

थोडक्यात लिहितो.

नऊ वाजता शेतात गेलो. सायलेन्सर कडेच्या बांधावर, लांब. पहिले चार तास (शेताचे तास, घड्याळाचे नाही) सरळ गेले. ताई कुंपणाशी उभी होती, तिने हात केला, मीही केला, त्यामुळे पाचवा थोडा वाकडा गेला. मग ती घरात गेली.

साडेदहाच्या सुमाराला वास आला. मग ठोके. मग वाफ, इतकी की स्टिअरिंग दिसेना. इंजिन बंद केलं. एकटाच होतो. सीटच्या मागे पाण्याचा कॅन होता. गार.

फडक्याने झाकण काढलं आणि ओतला.

आतून आवाज आला. मोठा नाही. कपाटात बशीला बशी लागावी एवढाच.

तापलेल्या इंजिनात गार पाणी घालू नये, हेड तडकतं. हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. वर्षाआड परीक्षेत येतं, चार मार्कांना. कारणे द्या.

त्यानंतर इंजिन सुरू झालं नाही.

१५ मार्च, संध्याकाळी

ताईने विचारलं, काय झालं? म्हणालो, गरम इंजिनात गार पाणी गेलंय, हेड तडकलं असणार. तिने विचारलं, पाणी घातलं कोणी? म्हणालो, पाणीबिणी बघणं ड्रायव्हरचं काम.

हे खोटं नाही. वाक्य पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. पाणी बघणं ड्रायव्हरचंच काम असतं. त्यातून ताईने काय समजायचं ते ताईचं.

तिने सायलेन्सरला बोलावलं. मी तिथेच होतो. ती म्हणाली, चौदा वर्षं झाली तुला, एवढं कळलं नाही? त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मी दारावरचा तक्ता सरळ केला, एका कोपऱ्यात सुटला होता.

तो काही बोलला नाही. स्वभावच आहे त्याचा.

१६ मार्च

सायलेन्सर गेला. ताईने जा म्हटलं की तोच गेला, नक्की माहीत नाही. मी वर होतो. खिडकीतून दिसलं: नटबोल्टचे पाने पुसून पेटीत ओळीने लावले, किल्ली ताईच्या हातात दिली, सीटवरची उशी सोडवून काखेत घेतली. उशी त्याची स्वतःची होती. त्याच्या बायकोने शिवलेली असावी, कडेला झालर होती.

मी खाली उतरून बोलणारच होतो. पण निरोपाच्या वेळी तांत्रिक विषय काढणं बरं दिसत नाही. रविवारी ताईशी निवांत बोलेन.

१७ मार्च, रविवार

ताईचं डोकं दुखत होतं. म्हणजे दुखत असावं. विचारलं नाही.

१९ मार्च

मेकॅनिक आला. कधी शाळेत गेला असेल असं वाटत नाही. तक्ता वाचलाही नाही, त्याच्यावर शर्ट टांगला.

हेड खोललं. दोन सिलिंडरच्या मध्ये आडवी भेग. केसासारखी, पण टोकापासून टोकापर्यंत. मग तो पुढे गेला, जाळी उघडली, आत हात घातला आणि भुशाचा थर सोलून काढला. अखंड निघाला, गादीतल्या कापसासारखा. जमिनीवर टाकला. ताई त्या थराकडे बघत राहिली.

मग त्याने सुटी वायर उचलली. म्हणाला, ही कोणी काढली? मी म्हणालो, चाचणीसाठी. तो म्हणाला, पाणी कोणी घातलं? ताई म्हणाली, ड्रायव्हरने. मेकॅनिक हसलाच. म्हणाला, त्याने? दरवर्षी मळणी झाली की माझ्याकडून हवेचा पाइप नेतो. याही वेळी चार तारखेला नेला आणि दुसऱ्या दिवशी न वापरता परत आणला. विचारलं तर म्हणाला, सर शिकवतायत.

ताई माझ्याकडे वळली. म्हणाली, पाणी कोणी घातलं? मी म्हणालो, तसं बघायला गेलं तर त्या परिस्थितीत... तिने हात वर केला. मारायला नाही. पुढचं ऐकायचं नव्हतं तिला.

बरोबरच आहे. वाक्य लांबणार होतं.

२० मार्च

ताई सायलेन्सरच्या घरी जाऊन आली. गुडघे घेऊन, चालत. मी येऊ का विचारलं, नको म्हणाली. तो सतरा तारखेपासून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर आहे. परत येणार नाही. ताईने माफी मागितली. माझ्या वतीने का, असं विचारलं. म्हणाली, माझ्या वतीने. तुझं तू बघ.

२२ मार्च

कालव्याला पाणी सुटलं. ताईच्या शेतात तीन तारखेचा तुकडा आणि माझे सात तास एवढंच नांगरलेलं, त्यातला पाचवा तास वाकडा. पाणी बाजूने पुढे गेलं.

दुपारी शेजाऱ्यांच्या शेतावर गेलो. सायलेन्सर ट्रॅक्टरवर होता. थांबला, पण इंजिन चालूच ठेवलं. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, वायर, कॅन, ते वाक्य. पाच मिनिटं बोललो असेन. त्याने एकदा कानामागे तळहात धरला, मग गिअर टाकून पुढे गेला.

मन हलकं झालं. ताईला म्हणालो, बोललो त्याच्याशी. तिने विचारलं, काय म्हणाला? म्हणालो, काही नाही, इंजिनच्या आवाजात... ती म्हणाली, इंजिन बंद असताना जा.

२३ मार्च

गेलो नाही. पोट बिघडलं होतं.

२४ मार्च, दुपारी

गेलो. जेवणाची वेळ होती, इंजिन बंद. सायलेन्सर ट्रॅक्टरच्या सावलीत डबा घेऊन बसला होता. सरकला आणि म्हणाला, बसा सर. बसलो.

आज आवाज नव्हता, त्यामुळे सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी म्हणालो, पाणी मी घातलं होतं. तो म्हणाला, माहीत आहे, बांधावरून दिसत होतं. मी विचारलं, मग त्या दिवशी ताईसमोर बोलला का नाहीस?

त्याने घास गिळला. म्हणाला, मला वाटलं, तुम्हाला ते माहीतच नसेल, गरम इंजिनात गार पाणी घालायचं नसतं म्हणून. एवढे शिकलेले तुम्ही, बहिणीसमोर तेवढ्यावरून मान खाली जायला नको. नसतं माहीत एखाद्याला.

मी लगेच म्हणालो, माहीत नाही असं कसं? अठ्ठावीस वर्षं शिकवलंय मी ते!

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डबा बंद केला. निम्मा शिल्लक होता. ट्रॅक्टरवर चढला, इंजिन सुरू केलं, आणि मी सावलीतून उठेपर्यंत थांबला.