करडईचं तेल

प्रिय अण्णा,

वहिनींचा फोन आला होता. नांदेडच्या नव्या बंगल्यात अप्पांचं भिंतीवरचं घड्याळ शोभेल, म्हणाल्या. फोनवर मला बोलणं सुधरत नाही, तुम्ही मधेच हसता, म्हणून लिहितो. अक्षर सहावी शिकलेल्याचं आहे, सांभाळून घ्या.

यंदा मी जुनी घड्याळं साफ करायला शिकलो. गंजगोलाईच्या बाजारातलं दुकान बंद केलेले भुजंग घड्याळजी घरी येऊन शिकवतात. पेट्रोलच्या वासाने सून कुरकुरते, म्हणून गच्चीवर बसतो. स्क्रू उडाला तर सापडायचा नाही, म्हणून खाली पांढरं धोतर अंथरतो. स्प्रिंग आधी हळूहळू सैल करावी लागते, नाहीतर बोटं फोडते, त्याचीच धास्ती. तरी भंगारातली चार-पाच घड्याळं चालती केली, तेव्हा कुठे अप्पांचं उघडायचा धीर झाला.

लहानपणी मी त्याचं दार उघडून आत बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं. तुम्ही कशाला विसराल, दर लग्नात सांगता. अप्पांनी मला बडवलं. ह्याला शाळा कशाला, घाण्यावर बसवा, म्हणाले. घड्याळ माळ्यावर गेलं, मी घाण्यावर. तुम्ही नांदेडला शिकून साहेब झालात. वाटणीच्या दिवशी म्हणालात, "गुरल्यानं मोडलं, गुरल्यालाच द्या." सगळे हसले. मीही हसलो. 'घड्याळमोड्या' हे नाव माझ्या लेकीच्या, अंजूच्या सासरपर्यंत पोचलं.

अण्णा, आत काहीच मोडलेलं नाही. एक दाता वाकलेला नाही. चाकांवर नुसता पिवळा, राळेसारखा थर. भुजंगरावांनी नखाने खरवडून बघितलं. "मोडलं कुठं हाय, मामा? चिकटलंय. करडीचं तेल हाय हे, वाळलं की लाखच." खंडेनवमीला घाणा, तराजू, घड्याळ, सगळ्याला आपल्याच घाण्याचं तेल घालायचा मान थोरल्याचा. दरवर्षी तुम्हीच घालायचात. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. ठाऊक मलाही नव्हतं; मार मात्र मी खाल्ला.

घड्याळ आता चालतंय. वास्तुशांतीला घेऊन येईन, पण कापडात बांधून ठेवीन. भरल्या पंगतीत तुम्ही उभं राहून, तसंच हसत हसत, ही तेलाची गोष्ट सांगा. मग गाठ सोडीन. नाही सांगितलीत, तर तसंच लातूरला परत आणीन. आणि तुमच्या भिंतीवर लागलंच, तर खंडेनवमीला विभूती लावा. तेल घालू नका.

तुमचाच धाकटा,
गुरुलिंग