दर्शनी भिंतीवरचे रंगाचे नऊ पट्टे तूर्त राहू देण्याबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
इमारत देखभाल विभाग,
नगर कार्यालय.

विषय : घराच्या दर्शनी भिंतीवरील रंगाचे नमुने न पुसण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : फाटकावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणारी, सेवानिवृत्त टंकलेखिका, सदर घरात एकटी राहणारी, सविनय कळविते की,

१. हे घर माझ्या सासऱ्यांनी सुमारे सत्तर वर्षांपूर्वी बांधले. त्या काळी जे जे नवे, ते सर्व त्याला आहे : गोलाकार बाल्कनी, लांबलचक सपाट छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी, आणि जहाजाला असते तशी एक गोल खिडकी, जिचा आजवर कोणाला काडीचाही उपयोग झालेला नाही. परगावी असलेल्या मुलीने फोनवर फर्मावले, "आई, घर किती जुनाट दिसतंय! निदान बाहेरून तरी नवं करून घे." म्हणून आपल्याच कार्यालयाच्या परवानगीने काम काढले. छज्ज्याची गळती थांबली, नवा गिलावा झाला, जाळी घासून निघाली. राहिला तो फक्त रंग.

२. नमुने मागच्या भिंतीवर लावण्याची रंगाऱ्यांची रीत आहे. आमचा रंगारी म्हणाला, "काकू, मागं ऊनच येत नाही. रंग उन्हात बघायचा असतो." असे म्हणून त्याने रस्त्याकडच्या भिंतीवर सहा पट्टे ओढले आणि "ठरलं की फोन करा" सांगून दुसऱ्या कामावर गेला. चूक असल्यास ती त्याची आहे, परंतु कृपया त्यास काही बोलू नये.

३. दुसऱ्याच सकाळी समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या. इतकी वर्षे आम्ही एकमेकींकडे पाहून नुसती मान हलवत आलो. त्या म्हणाल्या, "तो तिसरा नको हं, अगदी दवाखाना वाटतो." मग एरवी फाटकावरूनच पत्रे फेकणारा पोस्टमन आत आला व विटकरी रंगाची बाजू घेऊन उभा राहिला. काठी टेकत फिरणारे एक गृहस्थ रोज संध्याकाळी मत बदलतात आणि कालचे आपले नव्हतेच म्हणतात. एका जोडप्याची तर फाटकापाशी चांगलीच जुंपली. भांडता भांडता बाईंना ठसका लागला, तेव्हा मी पाणी दिले व दोघे घटकाभर पायरीवर टेकली.

४. त्यानंतर मी आणखी तीन पट्टे मारून घेतले, हे खरे आहे. नोटिशीत म्हटल्याप्रमाणे ते "विनाकारण" नव्हते. हिरवा आवडणाऱ्यांची फारच गैरसोय होत होती.

५. भिंत "विद्रूप" असल्याची तक्रार आल्याचे आपण कळविले आहे. तक्रारदाराचे नाव दिले नाही. दिले असते तर त्यांनाही कोणता पट्टा बरा वाटतो ते विचारले असते. मुदतीत एकच रंग न दिल्यास कार्यालय परस्पर पांढरा देईल, अशीही तंबी आहे. महोदय, यजमान गेले तेव्हा माणसे येत होती. मग ज्याला त्याला आपापले व्याप, त्यात कोणाचा दोष नाही. पण पुढे दिवसचे दिवस मी कोणाशी बोलत नसे. मुलीचा फोन आला की पहिला शब्द घशातच अडके, आणि तिला वाटे मी झोपेतून उठले. हल्ली तसे होत नाही. एकरंगी, नीटनेटक्या घरापुढे कोण कशाला थांबेल? ते दिवस पुन्हा यायला नकोत, एवढेच माझे म्हणणे आहे.

६. तरी सर्वांचे एकमत होईपर्यंत पट्टे राहू द्यावेत, ही विनंती. ते लवकर होणार नाही याची मी माझ्या परीने काळजी घेईन. हे नियमात बसत नसल्यास, पांढरा रंग देण्यापूर्वी आपण स्वतः पाहणीस येऊन आपलेही मत द्यावे. कधीही यावे, मी घरीच असते. फक्त बेल वाजवून लगेच माघारी फिरू नये. गुडघ्यांमुळे जिना उतरायला मला वेळ लागतो, पण मी येतच असते.

आपली वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
दिनांक : नोटीस मिळाली तोच दिवस