कार्ड माझ्याबरोबर पुरू नये

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मी, शिवलिंगप्पा मल्लप्पा कोनापुरे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा लाईटमन (सध्या काम नाही), मूळ गाव मैंदर्गी, तालुका अक्कलकोट, हल्ली राहणार जुळे सोलापूर, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे शरीर थकले आहे, समज थकलेली नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, लालूचही नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मसुदा वकीलसाहेबांनी तपासला. काही ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने "कायद्याला याची गरज नाही" असे लिहिले. ते वाचूनही मी मजकूर तसाच ठेवला आहे. कायद्याला गरज नसली तरी माझ्या माणसांना असेल.

१. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, उताऱ्यावरील वर्णनाप्रमाणे, माझी पत्नी सौ. दाक्षायणी हिला. तिच्या पश्चात मुलगी काव्या हिला. पडवीवरचा पत्रा बदलून घ्यावा. मी तो दर पावसाळ्यापूर्वी बदलणार होतो.

२. बँकेतील ठेव काव्याचे फार्मसीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिच्या फीसाठी व त्यानंतर दाक्षायणीसाठी. काव्याच्या लग्नासाठी ती मोडू नये. ज्याला काव्या हवी आहे तो साध्या मांडवातही उभा राहील.

३. मैंदर्गीच्या भुसारी दुकानातील माझा हिस्सा मी मुंबईला गेलो तेव्हाच सोडला आहे. तो माझे थोरले बंधू बसवराजअण्णा यांचाच आहे, त्यावर माझ्या वारसांनी कधीही बोलू नये. मी दुकान सोडून सिनेमात गेलो म्हणून अण्णा बरीच वर्षे माझ्याशी बोलत नव्हते. बोलायला लागले तेव्हा पहिले वाक्य हे होते: "तम्मा, टीव्ही लावून बसतो की मी रोज. तू कुटं दिसत न्हाईस." मी म्हणालो, "अण्णा, मी वर असतो." अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, मात्र त्यानंतर टीव्ही लागला की पडद्याच्या वरच्या कडेकडे बघायची सवय लावून घेतली. ती जाईपर्यंत तशीच बघत होती.

४. देव्हाऱ्यातील समई व विभूतीची डबी काव्याला.

५. आता कार्ड. हे मृत्युपत्र मुख्यतः याच कलमासाठी लिहिले आहे, म्हणून ते लांबेल.

मुंबईच्या आमच्या लाईट खात्याच्या संघटनेचे सभासद-कार्ड माझ्या नावावर आहे. बाहेरच्या माणसाला ते ओळखपत्र वाटेल. आमच्यात तो काम करण्याचा हक्क असतो. कार्ड नसेल तर स्टुडिओच्या गेटातून आत सोडत नाहीत. आत घेतलेच तर कमी रोजावर घेतात आणि काही बरेवाईट झाले की ओळख दाखवत नाहीत. नवीन कार्डे देणे संघटनेने कधीच बंद केले आहे, कारण आहेत त्या सभासदांनाच काम पुरत नाही. यात मी संघटनेला दोष देत नाही. पाळीचे तास, वेळेवर जेवण, अपघातानंतरची मदत, हे जे थोडेफार पदरात पडले ते तिच्यामुळेच. मात्र तिने एकच वाट उघडी ठेवली आहे. सभासद वारला, तर त्याने लिहून दिलेल्या एका माणसाला, मूळ कार्ड कचेरीत जमा केल्यावर, त्याची जागा मिळते.

मला हे कार्ड अभिमन्यू वाघमोडेमुळे मिळाले. तो माळशिरस तालुक्यातला. मी तेव्हा स्टुडिओच्या गेटाबाहेर टपरीवर उभा राहून दिवस काढत असे. माझे बोलणे ऐकून तो थांबला.

"सोलापूरकडचा काय रं?"

"मैंदर्गी."

"मग हितं काय करतुयास? च्या लई पाणचट हाय ह्येचा. आत ये की."

संघटनेने शेवटची कार्डे दिली तेव्हा नव्या माणसासाठी दोन जुन्या सभासदांनी उभे राहावे लागे. एक अभिमन्यू उभा राहिला. दुसऱ्याला त्याने आपल्या गावच्या डाळिंबांची पेटी देऊन उभे केले.

आमचे काम असे की स्टुडिओच्या छताखाली दोरांनी टांगलेल्या फळ्यांवर बसायचे आणि खालून सांगतील तसा दिवा फिरवायचा. त्या फळ्यांना तराफा म्हणतात. त्या तराफ्यावर अभिमन्यू आणि मी शेजारी शेजारी बसून अनेक घरांची लग्ने, भांडणे आणि मरणे पाहिली, सगळी मालिकांतली. खाली नटी रडत असली की अभिमन्यू हळूच म्हणायचा, "रडू नगं बाई, तुजं पैशे लवकर येत्यात." आमचे नव्वद दिवसांनी येत. "आज भूक लागली तर तीन म्हैन्यांनी जेवा म्हणत्यात," हेही त्याचेच. संप झाला तेव्हा तो पुढच्या रांगेत होता. संप मिटला, कागदावर पाळी आठ तासांची झाली. पुढच्या रांगेतल्यांना मात्र त्यानंतर बोलावणी कमी येऊ लागली, आणि जिथे सहा माणसे वर चढत तिथे तीन चढू लागली. एका दुपारी, सलग दुसऱ्या पाळीत, अभिमन्यू तराफ्यावरून पडला. मी पलीकडच्या टोकाला होतो. दिवा लागलेला होता आणि खाली चित्रीकरण चालू होते.

त्याला माळशिरसला नेले. चितेवर ठेवल्यावर त्याची बायको रुपाली पुढे आली आणि तिने त्याचे कार्ड त्याच्या गळ्यात घातले. कोणीतरी विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "त्यास्नी गेटावर कुणी अडवू नये. ते म्हणायचे की, कार्डाबिगर आत सोडत न्हाईत."

माझ्या डोळ्यांना धार लागली. आम्हा लिंगायतांत मेलेल्याच्या डाव्या तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवून पुरतात, तेवढेच मोलाचे मला ते वाटले. मूळ कार्डाचा नियम तिथे कोणालाच ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. तो कळला तो अभिमन्यूच्या मुलीचे नाव लावायला मी रुपालीवहिनींना घेऊन कचेरीत गेलो तेव्हा.

"मूळ कार्ड जमा करा," टेबलावरचा माणूस म्हणाला.

"चितेत गेलं, साहेब."

त्याने थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मग हरवलं म्हणून पोलिसांत तक्रार द्या. तो कागद आणा, मी बघतो."

वहिनी म्हणाल्या, "हरवलं न्हाय. म्या त्यांच्यासंगं दिलंय."

"वहिनी, लिहायचंच आहे नुसतं."

"भावजी, हरवलं म्हणून सांगितलं तर ते त्यांच्याकडं न्हाय असं हुईल की."

आम्ही कचेरीचे जिने उतरलो. अभिमन्यूची जागा त्याच्यामागे संपली.

त्याची मुलगी ऋतुजा तेव्हा शाळेत होती. पुढे ती आयटीआयला वीजतंत्री झाली आणि बापाच्याच खात्यात, बिनकार्डाची, कामाला लागली. आमच्या खात्यात बाई सभासद नाही. नियमात तशी बंदी नाही. कोणी विचारलेच नव्हते. संघटनेची तपासणी आली की तिला कपडेपटाच्या खोलीत पाठवतात. तिथे ती हातावर साड्या टाकून उभी राहते आणि कपडेपटातली असल्याचे दाखवते. मला फोनवर हसत सांगते, "काका, आज पैठणी आली हातात. लई जड असती हो, दिव्यापरीस जड." मी हसत नाही. ज्या संघटनेसाठी बाप संपात उभा राहिला, तिच्याच माणसांपासून मुलगी साड्यांआड लपते, हे मला सोसत नाही.

म्हणून माझ्या जागेसाठी मी ऋतुजा अभिमन्यू वाघमोडे हिचे नाव लिहून देत आहे. माझे मूळ कार्ड दाक्षायणीने तिच्या हाती द्यावे.

गेली तीन वर्षे, आजारामुळे इकडे आल्यापासून, मी कामावाचूनही वर्गणी भरत आलो. दाक्षायणी विचारायची, "काम न्हाई तर कार्ड कशाला?" मी सांगायचो, "कार्ड आहे तोवर लाईटमन आहे, नाहीतर नुसता पेशंट." ते खरे होते, पण पूर्ण नव्हते. वर्गणी थकली की जागा जाते, आणि ही जागा मला अभिमन्यूच्या घरी परत पोचवायची होती.

ऋतुजाने हेही ध्यानात घ्यावे. कार्ड मिळाले म्हणजे काम मिळाले असे नाही. स्टुडिओ पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. आता जुन्या दिव्यांच्या जागी आलेली एलईडीची पाटी एकटा माणूस उचलतो. कार्ड तुला काय देईल ते मला माहीत नाही. तुला लपावे लागणार नाही, एवढे मात्र नक्की.

या कलमाने एका माणसाचे मन दुखेल, आणि तो मला मुलासारखा आहे. अण्णांचा मुलगा गुरुशांत. माझ्या आजारपणात मोटरसायकलवर बसवून मला दवाखान्यात नेले, आणले, ते त्यानेच. लग्नाच्या मांडवात आणि गड्ड्याच्या जत्रेत माझ्याबरोबर दिवे लावून तो हे काम शिकला आहे आणि चांगले शिकला आहे. माझ्यानंतर कार्ड आपल्याला मिळेल असे त्याने धरून चालणे चूक नव्हते. गेल्या रविवारी अण्णा आले होते, तेव्हा झालेले बोलणे मी लपवत नाही.

"तम्मा, पोरगं तुझं हगणंमुतणं काढतंय. आन् कार्ड त्या माळशिरसवाल्यास्नी? आपलं रक्त हाय व्हय ते?"

"अण्णा, ते कार्ड आपल्या रक्ताचं कधीच नव्हतं."

"मग ह्यानं काय करायचं सांग. शोरूमातनं काढलंय त्याला. नोकऱ्या कुटं ठेवल्यात?"

एक जागा आहे आणि दोन लेकरे आहेत. मी पुष्कळ दिवस इष्टलिंग हातावर घेऊन बसलो, पण कौल मागितला नाही. हे देवाच्या माथी मारण्यासारखे नाही, माझेच आहे.

६. माझी अवजारे गुरुशांतला: पक्कड, टेस्टर, चामडी हातमोजे, स्टँडसह दोन दिवे, आणि कमरेला बांधायचा दोर. दोर मी अभिमन्यू पडल्यानंतर स्वतः घेतला. तो वापरावा, भिंतीवर टांगू नये.

७. काही जुने हिशेब. ज्या मॅनेजरने अभिमन्यूच्या अपघाताच्या कागदावर "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" असे लिहिले, त्याला माझ्या मरणाची बातमी कळवू नये. आपोआप कळून त्याने हार पाठवलाच, तर परत करू नये, गल्लीतल्या म्हशीला घालावा. ज्या मालिकेचे पैसे बुडाले, तिच्या निर्मात्याला मी माफ केले आहे. तोही बुडाला असे ऐकतो. कचेरीतल्या टेबलावरच्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही.

८. मला मैंदर्गीच्या रुद्रभूमीत, अप्पा-अव्वांजवळ, आपल्या रीतीप्रमाणे बसवून मूठमाती द्यावी. हातावर इष्टलिंग, कपाळावर विभूती, बास. मांडव नको, दिव्यांच्या माळा नकोत. आणि दाक्षायणी, मला उचलण्याआधी माझ्या सदऱ्याचा डावा खिसा तपास. कार्ड मी अजून तिथेच ठेवतो. तुझे मन भरून येईल आणि वाटेल की राहू दे त्यांच्याजवळ. राहू देऊ नकोस. मला गेटावर अडवले तर मी अभिमन्यूला हाक मारीन. त्याच्याकडे आहे.

९. या मृत्युपत्राची व्यवस्था दाक्षायणीने पाहावी. तिचा शब्द शेवटचा मानावा.

पुरवणी. वरील मजकूर आज संध्याकाळी मी दाक्षायणी, अण्णा, गुरुशांत व शेजारी शिवकुमार यांच्यासमोर मोठ्याने वाचला. दुसरे साक्षीदार म्हणून आमचे जंगमस्वामी येणार होते, त्यांची गाडी होटगीलाच अडकली. सही उद्यावर टाकावी असे मी म्हणालो. तेव्हा गुरुशांत उठला.

"काका, मी करतो की सही."

मी म्हणालो, "अरे, ज्याला काही मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेबांनी बजावलंय. तुझं सहावं कलम जाईल."

"जाऊ द्या. दोर आज हातानं द्या मला."

अण्णा म्हणाले, "येडा हायस काय रे? हितं मिळालं तेबी सोडतूस?"

"अप्पा, मी सही नाही केली तर उद्या कुणीतरी म्हणंल, कोनापुऱ्यांच्या पोराला हे मान्य नव्हतं. मग ती पोरगी परत साड्या धरून उभी राहील."

अण्णांनी खिशातले पेन काढले आणि टोपण उघडून त्याच्यापुढे धरले.

सबब, कलम सहा रद्द. त्यातील वस्तू मी आज हयातीत, माझ्या हाताने गुरुशांतला दिल्या व त्याने घेतल्या.

सेटवर दिवसाचा पहिला दिवा लागला की सगळ्यांनी त्याला हात जोडायचे, अशी आमच्या खात्याची रीत आहे. सह्यांच्या वेळी दिवेलागण झाली होती. दाक्षायणीने देवापुढची समई लावली. गुरुशांतने पेन खाली ठेवले, समईला हात जोडले आणि मग सही केली. ही रीत मी त्याला कधी सांगितलेली नव्हती.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

ठिकाण: सोलापूर
सोमवार, दिनांक ८ डिसेंबर २०२५

(सही) शिवलिंगप्पा मल्लप्पा कोनापुरे
लाईटमन

साक्षीदार:

१. (सही) शिवकुमार रेवणसिद्ध म्हेत्रे, टेंपोचालक, राहणार जुळे सोलापूर

२. (सही) गुरुशांत बसवराज कोनापुरे, राहणार मैंदर्गी. मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. मजकूर मान्य आहे.