व्हय म्हाराजाची जागा

लालबाग,
२८ मार्च २०२४

ती. गुणाजीदादास, धाकट्या सुभद्राचा शि. सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही, गिरणीच्या साचाखात्यातल्या मागांनी तुझे दोन्ही कान खाल्ले. मोबाइलवर पाठवलेलं तू उघडत नाहीस. म्हणून कागद. अक्षर चौथीतलंच आहे, हसू नकोस.

माझ्या रुचाचं एकटीचं गाणं आलं. हितेंद्रबरोबर ती हळदीची गाणी म्हणायची ना, लालबाग-परळात एक हळद त्यांच्याशिवाय झाली नाही. ते सगळं सोडून ही बया रॉक म्हणायला गेली. रॉक म्हणजे गिटार नि ड्रम असे वाजतात की मी मसाला कुटायच्या डंक्यात मुंडी घालून उभी आहे. त्यावर घातलंय काय, तर आपलं गाऱ्हाणं! जत्रेत तू देवाला घालतोस तसंच, बा देवा म्हाराजा करून. पण मागणी हिची स्वतःची. खोलीची, गळ्याची, माझ्या खोकल्याची.

महिना झाला, कोण कुत्रं ऐकत नाही. मोबाइलवर गाण्याखाली लोकांनी लिहिलंय की मागचंच बरं होतं, हिला कुणी सांगितलं, आवाज मधेच जातो. होळीला मंडळाने मुद्दाम लावलं, पोरगी आपली म्हणून. अर्ध्या मिनिटात आवाज गेला. धनेश साउंडवाला वायरी हलवत बसला, मग वैतागून त्याने हळदीचं लावलं. तेही तिचंच. सगळे नाचले. रुचा वर गॅलरीत उभी होती, दादा.

तेव्हापासून सकाळचा रियाज बंद. फोन उचलायच्या नोकरीचा फॉर्म भरलाय. हितेंद्र अजून परत घ्यायला तयार आहे, पण ही जात नाही. तुझं ऐकते. तिला लिही की निमूट परत जा, नाहीतर तिचं गाणं संपलं.

लोभ आहेच तुझा, तो विचारत बसत नाही.

सुभद्रा

❋

गावाहून,
६ एप्रिल २०२४

चि. सुभद्रास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मसालाही पोचला. त्यात मिरची किती नि तुझा राग किती ते कळलं नाही, दोन दिवस पाणी पीत होतो.

रुचाला रागवायच्या आधी गाणं ऐकायचं ठरवलं. हसलीस ना? जयवंत मांडववाल्याकडून स्पीकरचा मोठा खोका मागवला, देवळाच्या पडवीत ठेवला, त्यालाच गाणं लावायला सांगितलं आणि दोन्ही तळहात त्यावर टेकून बसलो. माणसं जमली, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. पण सुभद्रा, साच्यासारखं धडधडतं गो ते. चोवीस वर्षं ज्याच्यात काढली ते हाताला परत लागलं. पोरीने वाईट काही केलेलं नाही.

एक मात्र कळलं नाही. प्रत्येक मागणं संपलं की खोका गप्प. चार मोजेपर्यंत काही नाही, मग पुन्हा सुरू. असं पाच वेळा. बिघडला म्हणून जयवंत उठला, मी त्याला खाली बसवला. ती जागा मी ओळखतो. गाऱ्हाणं घालताना मी तिथेच थांबतो, मागच्यांनी व्हय म्हाराजा म्हणावं म्हणून. मला ऐकू येत नाही, मी वळून त्यांची तोंडं हलताना बघतो, मगच पुढचं मागतो. रुचाच्या मागची माणसं कुठे गेली? तिला विचार आणि मला कळव. हितेंद्रचं मी लिहिणार नाही.

खोकल्याला मध धाडतोय. माया ठेव, भांडण कमी कर.

गुणाजी

❋

लालबाग,
१५ एप्रिल २०२४

ती. दादास सुभद्राचा नमस्कार.

तिला विचारायची गरज नाही. मला माहीत आहे. तुझं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं, एवढंच.

डिसेंबरात ती मला रेकॉर्डिंगला चल म्हणाली होती. व्हय म्हाराजा फक्त पाच वेळा म्हणायचं, मिरचीने बसलेला माझाच आवाज पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नको. मी उडवून लावलं. आपल्यात बायका गाऱ्हाण्यात तोंड उघडत नाहीत, मी काय पुरुष आहे, देवाच्या गोष्टीला ड्रम बडवतेस, वर मला त्यात ओढतेस. नको ते बोलले. ती म्हणाली, ठीक आहे, मी जागा ठेवते. मला वाटलं घेईल कुणालातरी. चार पैशांत दहा माणसं ओरडतील.

तिने जागाच ठेवली. रिकामी. लोकांना वाटलं नेट अडकलं, पुढे गेले. धनेशने वायरी हलवल्या. आणि मीसुद्धा इथे कामावरच्या बायकांना सांगत फिरले की रेकॉर्डिंग फालतू आहे.

आता काय करू ते सांग. गोड लिहू नकोस.

सुभद्रा

❋

गावाहून,
२२ एप्रिल २०२४

चि. सुभद्रास आशीर्वाद.

जागा अजून तिथेच आहे ना? मग म्हण. तिच्यादेखत म्हण. बाईने म्हटलं तर काय होईल ते माझ्यावर. लवकर कर.

गुणाजी

❋

लालबाग,
६ मे २०२४

ती. दादास सुभद्राचा नमस्कार.

तू सांगितलंस तसं केलं. काल डंका बंद होता. रुचा मोरीत कपडे धूत होती. मी मोबाइलवर गाणं लावलं. पहिली जागा आली, तोंडच उघडेना. दुसऱ्या जागेला म्हटलं, खोकल्यासकट. तिसऱ्याला इतक्या मोठ्याने की शेजारची मेघना धावत आली, काय पडलं म्हणून.

रुचा हात पुसत बाहेर आली. वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या जागेच्या आधी तिने बोटाने गाणं बंद केलं आणि विचारलं की उद्यापासून सातची ड्यूटी आहे, डब्याला भाजी कोणती.

आज गेली. हितेंद्रने श्रेया नावाची मुलगी घेतली, त्यांचं नवीन गाणं खाली मंडळात वाजतंय. रुचाने येऊन सांगितलं की तिकडे माणसाला फोनवर थांबवून ठेवलं की त्याला गाणं ऐकवतात. कुणाचं, विचारलं. तिने ऐकलं नव्हतं.

आता माझं गाऱ्हाणं. देवाला नाही घालत. त्याला ऐकू येतं आणि गप्प बसतो. तुझं कारण तरी खरं आहे.

बा दादा म्हाराजा, माझ्या पोरीने भांडी घासताना तरी गुणगुणावं.

. . . . . . . . . .

बा दादा म्हाराजा, तिने माझ्याशी एकदा कडाकडा भांडावं.

. . . . . . . . . .

जागा सोडली आहे. पटत असेल तर भरून हाच कागद परत पाठव. नसेल पटत तर कोरा पाठव. कोऱ्याचा अर्थ आता मला कळतो.

तुझी,
सुभद्रा